अंधार आधी, मशीन नंतर

घरच्या सिनेमासाठी वीस-पंचवीस हजार बाजूला काढलेल्या माणसाला आज साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, एकच सल्ला मिळतो: जुना प्रोजेक्टर काढून टाका, नवा ‘स्मार्ट’ घ्या. दुकानदार हेच सांगतो, पुण्याहून सुट्टीला आलेला भाचाही हेच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ला प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून या सल्ल्याला हिशेबाचा आधारही मिळाला. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमत आठेक टक्क्यांनी उतरली, मग थांबायचं कशाला, असा सवाल असतो.

थांबायचं कशाला ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. तुमच्याकडे आधीचा बरा प्रोजेक्टर असेल आणि हातात पैसे मोजके असतील, तर नवं मशीन ही यादीतली शेवटची वस्तू आहे. पहिली वस्तू अंधार. हे मत नाही, हिशेब आहे, आणि तो कोणालाही कागदावर करून पाहता येतो.

थिएटरच्या पडद्यावर पांढरा रंग किती उजळ असावा याचं जगभर मानलेलं प्रमाण आहे: दर चौरस मीटरला ४८ कँडेला. आपण ज्या चित्राला ‘थिएटरसारखं’ म्हणतो ते एवढ्याच उजेडाचं असतं. आता घरातला शंभर इंची पडदा घ्या. तो साधारण २.२१ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच, म्हणजे २.७६ चौरस मीटरचा. साध्या पांढऱ्या मॅट पडद्यावर थिएटरइतका उजेड पाडायला तिथे ४१६ ल्युमेन पोचले की झालं. ज्यांच्याकडे २००० ल्युमेनचा जुना दिव्याचा प्रोजेक्टर आहे, त्यांचा दिवा अर्ध्यावर आला असला, रंगांसाठी मशीन सिनेमा मोडवर ठेवलं असलं, तरी हा आकडा बहुतेक वेळा ओलांडला जातो. मग चित्र फिकट का दिसतं?

फिकट दिसतं ते खोलीमुळे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळ्या जागी तो फक्त उजेड टाकायचं थांबतो. मशीन बंद असताना तुमची भिंत जितकी काळी दिसते, त्याहून काळं तुमच्या सिनेमात काहीही दिसणार नाही. रात्रीचा प्रसंग असो, खलनायकाचा कोट असो, नायिकेचे केस असोत, सगळ्याची मर्यादा ती भिंत. थिएटरच्या प्रमाणाने भिंतीवर प्रोजेक्टरचा दीडशे लक्स उजेड पडतो असं धरू. स्वयंपाकघरातल्या ट्यूबचा, जिन्यातल्या दिव्याचा, गल्लीतल्या खांबाचा मिळून दहा लक्स उजेड त्याच भिंतीवर येत असेल, तर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागाचं गुणोत्तर होतं १६ ला १. आता उसनवारी करून दुप्पट उजेडाचं मशीन आणलं, तर ते होतं ३१ ला १. आणि मशीन तेच ठेवून जाड पडद्यांनी बाहेरचा उजेड एका लक्सवर आणला, तर होतं १५१ ला १. महागडं मशीन दुपटीवर थांबलं, शिवून घेतलेला पडदा नऊपटींच्या पुढे गेला.

ज्यांना ‘ल्युमेन वाढवा’ हा एकच मंत्र ठाऊक आहे त्यांनी ह्या हिशेबाला उत्तर द्यावं. मला आजवर कोणी दिलेलं नाही.

मिरजेत एका ओळखीच्या काकांकडे हे डोळ्यांनी पाहिलं. फुल एचडी दिव्याचा प्रोजेक्टर, बरीच वर्षं वापरलेला, आणि नवा घ्यायचं ठरलेलं. मला बोलावलं होतं ते कोणता घ्यावा हे विचारायला. काका म्हणाले, “अहो, चेहरे बघा, राखाडी दिसतात सगळे. ह्याच्यात आता काही राम नाही.” मी प्रोजेक्टर बंद करायला सांगितला आणि दोन मिनिटं नुसतं भिंतीकडे बघत बसलो. डोळे सरावल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. दारावरच्या झरोक्यातून गल्लीतल्या दिव्याचा पट्टा आत येत होता, छताला चकचकीत पांढरा ऑइलपेंट होता, आणि समोरच्या काचेच्या कपाटात सगळा पडदा उलटा उमटत होता. झरोक्याला काळा कार्डपेपर लावला, कपाटावर गोधडी टाकली. मग प्रोजेक्टरचा फिल्टर बाहेर काढला. जाळी दिसतच नव्हती, नुसती करडी धूळ. ती ब्रशने झाडली, भिंग मऊ कापडाने पुसलं, मेन्यूत जाऊन चित्र ‘डायनॅमिक’वरून ‘सिनेमा’वर आणलं आणि तोच सिनेमा पुन्हा लावला. काकू एकदम पुढे सरकून म्हणाल्या, “अगं बाई, हिचं लुगडं जांभळं आहे होय! मी आपली काळंच समजत होते.” त्या संध्याकाळी खर्च झाला तो कार्डपेपरचा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ज्यांचं बजेट कमी त्यांच्याकडे सिनेमासाठी वेगळी खोली नसते. एकच हॉल, तिथेच पाहुणे, तिथेच मुलांचा अभ्यास, तिथेच आजीचं अंथरूण. अशा हॉलला काळा रंग कसा द्यायचा? द्यायचा नाही. सिनेमा रात्री लावायचा आणि त्या वेळेपुरता अंधार करायचा. खिडकीला रॉडवर सरकणारे दुपदरी पडदे, पडद्याच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना गडद कापडाचे झोळ, तेही सकाळी सरकवून ठेवता येतील असे. पडद्याजवळच्या दोन-तीन फूट छताला हवं तर गडद मॅट रंग. शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड हा बाहेरून येणाऱ्या उजेडाइतकाच चित्राचा शत्रू आहे. साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांमध्ये जाड भिंतींचं, जेमतेम एका झरोक्याचं माजघर असतं. नव्या अपार्टमेंटमधल्या, भिंतभर काचेच्या सरकत्या खिडक्या असलेल्या हॉलपेक्षा ते सिनेमाला कितीतरी सोयीचं. ज्यांच्याकडे असं माजघर आहे त्यांनी तिथे अडगळ साठवून ठेवू नये, एवढंच सांगेन.

दिवसा चालेल असं मशीन हवं, असं म्हणणाऱ्यांनाही आकड्यांनीच सांगतो. दुपारी साधे पडदे ओढलेल्या खोलीत भिंतीवर पन्नास लक्स उजेड सहज असतो. तिथे दीडशे लक्सचं चित्र ४ ला १ वर येतं, आणि तीनशे लक्सचं ७ ला १ वर. दोन्ही बघवत नाहीत. दुपारची मॅच आणि बातम्या टीव्हीवर बघाव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याच भागात हे ज्ञान नवं नाही. जत्रा-यात्रांमध्ये तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीज पश्चिम महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या पाहिल्या. त्यांचा खेळ सुरू व्हायचा तो अंधार पडल्यावर, कारण कापडी तंबूत दिवसा चित्र उठत नाही हे त्यांच्या ऑपरेटरला पक्कं ठाऊक होतं. मशीन जुनं, प्रिंट घासलेली, पण रात्र पुरी काळी, म्हणून चित्र माणसाला धरून ठेवायचं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ह्याच तंबू टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. नव्याचे पुरस्कर्ते मला त्यातलंच उदाहरण देतात: बघा, तंबूवाल्यांनीसुद्धा रिळं सोडून डिजिटल घेतलंच की! घेतलं, पण का घेतलं? रिळांच्या प्रिंट यायच्या बंद झाल्या म्हणून. वितरकच डिजिटलकडे गेले, तेव्हा तंबूवाल्यापुढे दुसरा रस्ता उरला नाही. चित्र वाईट दिसतं म्हणून त्यांनी मशीन टाकलेलं नाही. तुमच्या घरच्या फुल एचडी प्रोजेक्टरवर अशी वेळ आलेली नाही. त्याला एचडीएमआयची खाच आहे तोवर आजचा प्रत्येक सिनेमा त्यावर लागतो.

त्याही मागे जायचं तर कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले, हाताने रंगवलेल्या काचा पडद्यावर मोठ्या करून. आणि सांगलीच्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतः घडवलेला सिनेमाचा कॅमेरा पुरा केला. यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं, हाताने नीट करायचं, ही ह्या मुलखाची रीत आहे. आज त्याच मुलखात चालतं यंत्र ‘जुनं झालं’ एवढ्याच कारणाने भंगारात टाकायला सांगितलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

आता ज्या नव्यासाठी हे सगळं सांगितलं जातं त्या दहा-पंधरा हजारांच्या खोक्याकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: ९००० ल्युमेन, फोर-के, अँड्रॉइड, ऑटो कीस्टोन. यातला एकेक शब्द तपासून घ्यायला हवा.

ल्युमेन मोजायची प्रमाण पद्धत आहे. पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात, तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणलं की येतो त्या आकड्याला अन्सी ल्युमेन म्हणतात. ९००० हा आकडा तसा मोजलेला नसतो. फार तर तो मशीनच्या आतल्या एलईडीचा असतो, पुष्कळदा तोही नसतो. अशा मशीनचा खरा आकडा बरेचदा दोनशे-तीनशे अन्सी ल्युमेनच्या घरात निघतो. वरचा ४१६चा हिशेब आठवा. म्हणजे अर्धा थकलेला जुना प्रोजेक्टर टाकून माणूस त्याहून अंधुक मशीन घरी आणतो, आणि वर पैसे मोजतो.

‘फोर-के’च्या आधी किंवा नंतर बारीक अक्षरात ‘सपोर्ट’ असा शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच की फोर-के चित्र आत घेता येतं. पडद्यावर ते मशीनच्या मूळ रिझोल्यूशननेच पडतं. ते १९२० गुणिले १०८० असेल तर नशीब, नाहीतर १२८० गुणिले ७२०. शंभर इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका सव्वा मिलिमीटरहून थोडा लहान असतो. निरोगी नजरेला तो चार मीटरवरून वेगळा दिसत नाही. दहा-बारा फुटांवर बसणाऱ्याला खरा फोर-के थोडा सरस दिसेल, हे मी नाकारत नाही. पण त्या थोड्यासाठी लागणारे पैसे ह्या बजेटमध्ये बसत नाहीत, आणि ‘सपोर्ट’वाल्या मशीनमध्ये तर ते थोडंही मिळत नाही.

अँड्रॉइडची गोष्ट तर आणखी वाईट. ओटीटीवाले पूर्ण दर्जाचं चित्र कुठल्याही यंत्राला देत नाहीत. त्यांना यंत्रात वाइडव्हाइन एल-वन नावाची परवान्याची पातळी लागते. बिनपरवान्याच्या स्वस्त मशीनमध्ये एल-थ्री असते, आणि मग नेटफ्लिक्ससारखी सेवा ४८० रेषांवरच अडवते. डीव्हीडीच्या काळातलं चित्र, शंभर इंचावर ताणलेलं! याउलट जुन्या प्रोजेक्टरच्या एचडीएमआयला पाच हजारांच्या आसपासची चांगल्या कंपनीची स्टिक लावली की तेच ॲप फुल एचडी देतं. स्टिक जुनी झाली तर बदलता येते. मशीनच्या पोटात बसवलेलं अँड्रॉइड मात्र दोन-तीन वर्षांत मागे पडतं.

आणि ऑटो कीस्टोन. तिरकं ठेवलेलं मशीन चित्र आपोआप सरळ करतं, ही सोय म्हणून विकली जाते. ती करते काय? चिपवरच्या चित्राच्या कडा कापते आणि उरलेल्यातच सिनेमा कोंबते. पैसे दिलेले ठिपके वाया जातात, कडेची अक्षरं धूसर होतात. सुताराकडून साधी फळी भिंतीत ठोकून घ्या आणि मशीन पडद्याच्या बरोबर समोर बसवा. फळी ठोकण्याआधी टेप घ्या. थ्रो रेशो, म्हणजे मशीन ते पडदा हे अंतर भागिले चित्राची रुंदी, दीड असेल तर दहा फुटांवरून सुमारे ९२ इंचांचं चित्र पडतं. शंभर इंची हवं असेल तर जवळपास अकरा फूट लागतात.

जुन्यावर पैसे कुठे घालायचे, हेही सांगायलाच हवं. दिवा संपत आला असेल तर दिवा. तो बहुधा तीन ते पाच हजार तास टिकतो, आणि त्याचं आयुष्य मोजतात ते उजेड अर्ध्यावर येईपर्यंत. मेन्यूत दिव्याचे तास दिसतात, ते आधी बघा. दिवा कंपनीचा किंवा खात्रीच्या विक्रेत्याचा घ्या. वापरलेल्या कवचात अनोळखी बल्ब भरून विकणारे खूप आहेत. त्या बल्बमध्ये पारा असतो, आयुष्य उलटून गेलेला बल्ब फुटू शकतो, म्हणून जुना दिवा कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावा. नवा बसवल्यावर तासांचा आकडा शून्यावर आणायला विसरू नका.

मग लाईटचा प्रश्न. आपल्याकडे वळवाच्या पावसात लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि दिव्याच्या प्रोजेक्टरला ह्याचाच धोका सगळ्यात मोठा. लाईट जाते, पंखा थांबतो, तापलेला दिवा आतल्या आत भाजत राहतो. पाच मिनिटं पुरेल असा छोटा यूपीएस लावला की मशीन रीतसर बंद करून पंखा चालू ठेवता येतो. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. हे कोणी सांगत नाही, कारण यूपीएसमध्ये मिरवण्यासारखं काही नाही.

धूळही आपली खास आहे. गळीत हंगामात वाळवा, पलूस, कराड भागात कारखान्यांच्या बगॅसची काजळी अंगणात, गच्चीवर, खिडकीच्या चौकटीत पडते. उसाचा पाला पेटवला की त्यात भर. सांगलीत हळदीच्या पेठेच्या आसपास पिवळी भुकटी हवेतच असते. हंगामात फिल्टर महिन्यातून एकदा तरी काढून झाडावा. साताऱ्याच्या पश्चिमेकडे, कासच्या आणि महाबळेश्वरच्या बाजूला, पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगावर बुरशी धरते. मशीन आठवड्यातून एकदा तासभर चालवलं आणि बाकी वेळ झाकून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलं तर ती टाळता येते. स्वस्त नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा आतला मार्ग बंदिस्त नसतो. धूळ थेट पॅनेलवर बसते, पडद्यावर डाग उमटतो, आणि मशीन खोलायला कारागीरही तयार होत नाही.

उरलेले पैसे आवाजाला द्या. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर संवादसुद्धा धड पोचवत नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे दोन बरे स्पीकर आणि साधा ॲम्प्लिफायर, हेही वापरलेलं घेतलं तर चालतं. आवाज पडद्याच्या दिशेने यायला लागला की तेच चित्र माणूस अधिक रस घेऊन बघतो, असा माझा अनुभव आहे.

जुनं ते सगळंच राखावं असा माझा हट्ट नाही. तुमच्याकडचा प्रोजेक्टर ऑफिसातून किंवा शाळेतून निघालेला, १०२४ गुणिले ७६८चा असेल, तर तो सिनेमासाठी बनलेलाच नाही. त्याच्या रंगचक्रात बरेचदा पांढरा तुकडा घातलेला असतो, त्याने तक्ते झगझगीत दिसतात आणि रंग फिके पडतात. पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागून रोज वाढत असतील तर डीएलपी चिपवरचे आरसे अडकले आहेत, आणि चिप बदलायचा खर्च मशीनच्या जवळ जातो. चित्राचा एक कोपरा कायमचा पिवळा पडला असेल तर एलसीडीची पोलरायझर पट्टी जळाली आहे. अशा वेळी मशीन जरूर बदला. पण तेव्हाही नव्या खोक्याआधी खात्रीचा वापरलेला फुल एचडी प्रोजेक्टर शोधा. घेण्याआधी तो अर्धा तास चालवून बघा, एकदा पूर्ण काळा आणि एकदा पूर्ण पांढरा पडदा लावून डाग शोधा, आणि दिव्याचे तास स्वतः वाचा.

मोठा टीव्ही घ्या म्हणणारे प्रामाणिक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. फक्त एवढं ध्यानात घ्यावं की ५५ इंची टीव्हीच्या तुलनेत शंभर इंची चित्र क्षेत्रफळाने सव्वातीनपट असतं. शेजारच्या पोरांसकट दहा-बारा माणसं जमून सिनेमा बघतात त्या घराला हा फरक मोठा आहे.

माझं खरं भांडण खोक्यावरच्या आकड्यांशी आहे, आणि त्यावर उपाय आपल्या हातात आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांगा: अन्सी ल्युमेन किती आणि मूळ रिझोल्यूशन किती, हे दोन आकडे बिलावर लिहून द्या. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. ज्यांनी ऑनलाइन घेतलं आणि फसले, त्यांनी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, खोकं आणि बिल जपून ठेवावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते. विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. सातारकरांनी साताऱ्यात, सांगलीकरांनी सांगलीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बारा हजारांसाठी कोण भांडत बसणार, असं म्हणून आपण गप्प बसतो, आणि ९००० ल्युमेनचं पुढचं खोकं शेजाऱ्याच्या घरी जातं.